यतिभंग

३ मार्च, सोमवार

चौथीचा वर्ग कविता म्हणायचा तेव्हा मागच्या बाकांवरची पोरं नेहमी अर्धी मात्रा मागं राहायची. पुढच्यांची ओळ संपलेली असे आणि मागून तिचं शेपूट येत असे. अकोल्याच्या त्या कौलारू शाळेतला हा आवाज आज बडनेऱ्याला गाडीतून उतरताना नेमका कानात आला. कशाचं निमित्त झालं कोण जाणे. मी मात्र तो शकुन मानला आणि पिशवी उचलली.

प्रतीक्षा स्टेशनवर हजर. माझी विद्यार्थिनी, आता अमरावतीत एका क्लासमध्ये मुलांना संगणक शिकवते. सर, बॅग पुढं ठेवतो, तुमी फक्त घट्ट धरून बसा, म्हणाली, आणि तिनं ती स्कूटी अशी काही हाणली की राजापेठेपर्यंत मी डोळेच उघडले नाहीत. या वयात मुलीच्या मागे बसून वारा खायचा! मजा आली, खोटं कशाला बोलू.

खोली शेगाव नाक्याच्या अलीकडे, गोपालच्या पिठाच्या गिरणीवर. पुढे राहायची खोली, मागे रेकॉर्डिंगची. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, मधे टेबल, त्यावर संगणक आणि माइक. काम असं, की जुन्या शाळकरी कविता ज्यांना चालीसकट येतात अशी माणसं बोलवायची, त्यांच्याकडून म्हणवून घ्यायच्या आणि जपून ठेवायच्या. प्रतीक्षाचं म्हणणं, पुस्तकं सापडतात सर, चाली नाही सापडत. या एका वाक्यावर मी अकोल्याच्या घराला कुलूप लावून आलो. तिथे तरी बोलायला भिंतीशिवाय कोण होतं?

खाली मिरच्या दळणं चालू आहे. तीनदा शिंकलो. गोपाल जेवून आडवा होतो तेवढ्या दुपारीच रेकॉर्डिंग करायचं, असा इथला दंडक.

५ मार्च, बुधवार

यंत्र फार जुनं आहे. प्रतीक्षानं भंगारातून उचलून त्यात लिनक्स घातलं. विंडोज त्याले झेपतच नव्हतं सर, हे कसं, कमी खाते आणि इमानानं राबते, असं तिनं एखाद्या बैलाचं सांगावं तसं सांगितलं. मात्र उन्हाळा आहे, यंत्र तापतं, आणि तापलं की जागच्या जागी थिजतं. माऊस हलत नाही, पडद्यावरचं घड्याळ थांबतं. आवाज चालू असेल तर त्याचा शेवटचा तुकडा पुन्हापुन्हा वाजत राहतो. रुतलेल्या तबकडीसारखा.

अशा वेळी वायर उपटायची नाही. ती म्हणाली, वायर उपटणं म्हणजे जेवत्या माणसाच्या हातातून ताट ओढणं. आधी कंट्रोल, आल्ट आणि एफ-तीन दाबून पाहायचं. काळा पडदा आला तर जीव आहे. नाहीच आला तर शेवटचा उपाय. आल्ट आणि प्रिंट स्क्रीन या दोन कळा दाबून धरायच्या, सोडायच्या नाहीत, आणि दुसऱ्या हातानं एकेक अक्षर: आर, ई, आय, यस, यू, बी. मी कळा म्हणतो, ती बटणं म्हणते.

प्रत्येकाचा अर्थ तिनं मला वर्गाच्या भाषेत सांगितला. आर म्हणजे कळफलक परत आपल्या ताब्यात. ई म्हणजे आत जे जे काम करताहेत त्यांना गोडीनं सांगायचं, बाबांनो, आवरा आणि घरी जा. आय म्हणजे जे गेले नाहीत त्यांना दंडाला धरून बाहेर काढायचं. यस म्हणजे हातात असलेलं सगळं संगणकाच्या तबकडीवर, म्हणजे डिस्कवर, नीट उतरवायचं. यू म्हणजे दफ्तर बंद. त्यानंतर वाचता येतं, नवीन काही लिहिता येत नाही. आणि बी म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सगळ्यात महत्त्वाचं काय, तर दोन अक्षरांमध्ये श्वास घ्यायचा. यसनंतर तर संगणकाच्या डब्यावरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत यूला हातही लावायचा नाही. सर, तुमी घाई करसान, मले माहीत आहे, असं वर.

१२ मार्च, बुधवार

आज पुंजाजी आले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, आवाज अजून मागच्या दारापर्यंत पोचेल असा. मोराची एक कविता त्यांना चार कडव्यांची येते. दुसऱ्या कडव्यात यंत्र थिजलं. स्पीकरमधून त्यांच्याच आवाजाचा तुकडा, पिसापिसापिसा, असा सुरू झाला.

प्रतीक्षाला फोन लावला. ती क्लासमध्ये होती, तरी बाहेर येऊन एकेक अक्षर सांगत राहिली आणि प्रत्येक अक्षराला, थांबा सर, अजून थांबा, म्हणून दटावत राहिली. बराच वेळ गेला. तेवढा सगळा वेळ पुंजाजी शांत बसले होते. तोंड अर्धं उघडं, नजर माइकवर. मला वाटलं, केवढा सभ्य माणूस! आमच्या शाळेतल्या मास्तरांना नव्हता एवढा धीर.

यंत्र सुरू झालं तसे ते म्हणाले, हं, पिसाऱ्यापासून घेऊ का? मग चहाचा घोट घेऊन माझ्यावर उखडले. काय गुरुजी, आत्ता देल्ला चहा अन् बर्फ कसा झाला? साय धरली होती चहावर. मी हसलो, दुसरा मागवला. उरलेली दोन्ही कडवी त्यांनी अप्रतिम म्हटली.

२१ मार्च, शुक्रवार

आर ई आय यस यू बी. ही इंग्रजी अक्षरं लक्षात राहत नाहीत. आम्ही मुलांना नद्या, राजे, महिने सगळं ओळीत बसवून शिकवलं. मग हेच काय जड आहे? दुपारभर खिडकीशी बसून एक ओळ जमवली.

रे एकट्या इथे सख्या उगाच बैस ना.

आरचा र, ईचा ए, आयचा इ, यसचा स, यूचा उ, बीचा ब. सहाही अक्षरं ओळीनं आली. आणि चालही लागते बरं! रे एकट्या इथे, मग यती, म्हणजे ओळीत श्वास घ्यायची जागा, आणि मग सख्या उगाच बैस ना हे सगळं एका दमात. प्रतीक्षाला फोनवर म्हणून दाखवली. ती खळखळून हसली. म्हणाली, सर, तुमी कशाचीही कविता करसान. पुढच्या आठवड्यात ती कामासाठी पुण्याला जाते आहे, एप्रिलच्या मध्यापर्यंत. यंत्र माझ्या भरवशावर.

२८ मार्च, शुक्रवार

माणिकबाई भेटल्या. हे नाव मी जपून लिहितो आहे.

वडाळीकडे त्यांचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा आहे. वयानं माझ्याच आगेमागे. शाळा चौथीपर्यंत, पण तेवढ्यात ऐकलेलं सगळं पाठ. नातू सागर ऑटो चालवतो, त्यानं आणून सोडलं. जिन्यावरूनच माझ्याकडे पाहून म्हणाल्या, काहून गुरुजी, घाम फुटला का? गाणार तं मी हाओ, तुमी नाही. सागर मागे तोंड लपवून हसत होता.

त्यांना एक कापसाची कविता येते. मी चाळीस वर्षं क्रमिक पुस्तकांत बुडालेला माणूस, पण ती कुठे वाचलेली नाही. कुणातरी मास्तरीणबाईंनी शिकवली, त्या बदलून गेल्या, आणि वर्गातल्या बाकीच्या मुली एकेक करून गेल्या. मले एकलीलेच येते आता, हे त्यांनी फुलांचा भाव सांगावा तसं सांगितलं. आज फक्त पहिली ओळ गुणगुणल्या, वर चिडवलं की बाकीची माइकपाशी. कापूस वेचिता झाली गे सांज. एवढ्यानंच माझ्या अंगावर काटा आला. पाडव्यानंतर बोलावलं आहे.

२ एप्रिल, बुधवार

आज जे झालं ते नीट लिहून ठेवतो.

माणिकबाई आल्या, चहा घेतला, गोपाल झोपला, गिरणी थांबली. मी रेकॉर्डिंगची कळ दाबली. त्या डोळे मिटून म्हणू लागल्या:

कापूस वेचिता झाली गे सांज,
पांढरे चांदणे ओटीत आले;
हाक कुणाची बांधावरून

आणि यंत्र थिजलं. स्पीकरमधून वरून, वरून, वरून. बाहेर ऊन असं, की पत्रा वाजत होता. काळा पडदा येईना. प्रतीक्षाला फोन लागेना. माणिकबाई पुंजाजींसारख्याच तोंड अर्धं उघडं ठेवून बसलेल्या, पण त्यांचे डोळे आता उघडे होते, आणि पापणी लवत नव्हती. मी दोनदा हाक मारली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पुंजाजीही सभ्यपणानं गप्प बसलेले नव्हते.

घाबरलो. दोन कळा दाबून धरल्या आणि ओळ म्हणत म्हणत एकेक अक्षर दाबत गेलो. चालीतच म्हटली, दुसरी कशी म्हणणार? रे एकट्या इथे. यती. सख्या उगाच बैस ना.

पडदा काळा झाला, यंत्र पुन्हा सुरू झालं. माणिकबाईंनी पापण्या मिटल्या, उघडल्या, माझ्याकडे पाहिलं. काहून गुरुजी, घाम फुटला का? गाणार तं मी हाओ, तुमी नाही.

मी हसलो. पुढची ओळ म्हणा, म्हटलं. त्या म्हणाल्या, कशाची? मी तं आत्ताच येऊन राहिली.

३ एप्रिल, गुरुवार

प्रतीक्षाचा फोन लागला. सगळं सांगितलं, माणिकबाईंचे डोळे उघडेच राहिले होते तेवढं सांगितलं नाही. ती वैतागली. यस, यू, बी एका दमात? सर, लिहिणं पुरं व्हायच्या आधी तुमी दफ्तर बंद केलं! अर्धं आत राहिलं, अर्धं गेलं. मग माझं वय आठवून आवाज खाली आणला, जाऊ द्या म्हणाली, बाई तं आहेत ना, पुन्हा म्हणवून घेऊ.

जिथे श्वास घ्यायचा तिथे घेतला नाही. मुलांची बोटं मी याच चुकीसाठी टेबलावर ठेवायला लावत असे.

५ एप्रिल, शनिवार

माणिकबाई आज पुन्हा आल्या, न बोलावता. काल आल्या होत्या. परवाही. जिना चढून तेच वाक्य, तोच सूर, ओठाचा तोच कोपरा वर. सागर मागे उभा होता, पण हसत नव्हता. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, की आजीले पाडव्यापर्यंतचं सारं आठवते, त्याच्या बादचं काहीच नाही. सकाळी सांगतलेलं दुपारी पुसल्या जाते. डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढला. फोटोत काही नाही. गुरुजी, तुमच्या इथं काही झालं का, असं त्यानं विचारलं. सरळ विचारलं, आरोप नव्हता त्यात.

मी म्हणालो, उन्हाचं असेल.

७ एप्रिल, सोमवार

ती अर्धी फाईल यंत्रात आहे. माणिकबाईंच्या नावाची. आज पाहिलं तर ती लांबलीय.

२ तारखेला ती एका कडव्याएवढीही नव्हती. आता पडद्यावरची रेघ सरकवत नेली तरी संपेना. हेडफोन कानाला लावून ऐकली. तीन ओळी आहेत, वरून, वरून असं रुतणं आहे. मग शांतता. आणि मग माणिकबाई बोलताहेत. सागऱ्या, पाणी सोडलं का वाफ्यात? ते शेवंतीचं रोप कोमेजून राहिलं, दिसत नाही का तुले? भांड्यांचा आवाज. कोंबडा.

सागरला फोन केला. आजी आज सकाळी काय बोलल्या? तो म्हणाला, काय बोलणार, पाण्यावरून मलेच ओरडली. शेवंतीचं रोप कोमेजलं म्हणे. आता विचारलं तं तिले आठवतच नाही.

इथे माइक बंद आहे. तार काढून ठेवलेली आहे. माणिकबाई वडाळीला आहेत.

त्यांचे दिवस त्यांच्यात उतरत नाहीत. इथे उतरताहेत.

९ एप्रिल, बुधवार

ऐकू नये असं ठरवलं होतं. ऐकलं.

आता नवेच नाही, जुनेही दिवस येताहेत. माणिकबाईंच्या लग्नातली वाजंत्री. सागरच्या जन्माची रात्र, दाई, आणि त्यांचं ते म्हणणं, पोरगं हाय गे माय, नाक पाहा कसं आहे आज्यासारखं. आणि मधूनमधून, सगळ्याच्या खालून, कापसाच्या तीन ओळी. तिसरीपाशी थांबतात. पुढची शोधल्यासारखं करतात. परत पहिली.

संध्याकाळी सागर एकटाच आला. जिन्यातच बसला, पायरीवर. म्हणाला, आजीनं आज मले विचारलं, तू कोन्हाचा रे? एवढा दांडगा गडी, गळ्यातल्या रुमालात तोंड घालून रडला. मी पाठीवर हात ठेवला. काय झालं ते या वेळी सांगितलं, सगळं. त्याला ते पटलं नसावं. पण मी वेडा आहे असंही तो म्हणाला नाही. म्हणाला, मंग काढा न भाईर, गुरुजी. तुमीच घातलं तं तुमीच काढा.

११ एप्रिल, शुक्रवार

प्रतीक्षाला विचारलं, अर्धं राहिलेलं पूर्ण करता येतं का. ती म्हणाली, तीच चीज तशीच पुन्हा चालवावी लागीन, तिथंच थिजवावी लागीन, आणि मग सगळी अक्षरं नीट थांबत थांबत. पण कशाले? डिस्कच सडली आहे सर. मी नवीन मागवली. गुरुवारी सकाळी येतो आणि जुनी पुसून टाकतो.

पुसून टाकतो.

मी नको म्हणालो. ओरडलोच जवळजवळ.  ती म्हणाली, सर, अकोल्याले जाऊन या चार दिवस, इथलं ऊन तुमाले बाधलं.

१३ एप्रिल, रविवार

माणिकबाई आता रोज येत नाहीत. जिना विसरल्या. सागर म्हणतो, खाटेवर बसून असते, ओटीत काहीतरी वेचल्यासारखे हात चालतात. जेवण भरवावं लागतं.

फाईल मात्र लांबतेच आहे. आता त्यात परकरी पोरीचा आवाज आहे. हुंदके. शाळेचा पहिला दिवस असावा.

याच्या मागे आणखी किती उरलंय त्यांच्यापाशी? पाळणा. मग काय?

१५ एप्रिल, मंगळवार

उद्या दुपारी करायचं. सागर आजीला घेऊन येईल. माइकपुढे बसवायचं, ती फाईल लावायची, तिसऱ्या ओळीपाशी यंत्र थिजतंच. तीनदा करून पाहिलं.

या वेळी चाल नाही. ओळ नाही. एकेक अक्षर, आणि मधे पूर्ण थांबणं. हात शिवशिवू नये म्हणून उजव्या हातात पेन धरीन आणि वहीत लिहीत राहीन; अक्षरं दाबायची तीही त्याच हातानं, पेनासकट. डाव्या हाताचा अंगठा उजवीकडच्या आल्टवर, करंगळी प्रिंट स्क्रीनवर. वीत पुरते. बघितलं.

यूनंतर लिहिता येणार नाही, असं प्रतीक्षा म्हणाली होती. ते यंत्राबद्दल. वहीबद्दल नव्हे.

१६ एप्रिल, बुधवार. दुपार

माणिकबाई खुर्चीत आहेत. सागरनं उचलून आणलं, एवढ्या हलक्या झाल्यात. तो दाराशी उभा आहे. खाली गिरणी चालू, ज्वारी दळली जातेय. रस्त्यावर ऑटोवाल्यांचं भांडण. बरं वाटतंय हे सगळं ऐकून.

फाईल लावली.

थिजलं. वरून वरून वरून. त्यांचे डोळे उघडे. डावा हात कळांवर —

धरल्या कळा.

आर.

काही नाही. कळफलकावरचा हिरवा दिवा लागून विझला. थांबतो. आता खोलीत मी आहे असं वाटतंय. आधी नव्हतो वाटत.

ई.

थांबतो.

गिरणी बंद झाली. गोपाल दळण अर्ध्यात कधी सोडत नाही. शटर ओढल्याचा आवाज. भांडण थांबलं. ऑटो एकामागून एक सुरू होऊन निघून जाताहेत — कुणी कुणाशी बोलत नाही.

सागर निघाला. आजीकडे न बघता. मी हाक मारली. त्यानं मान हलवली, वर्ग सुटल्यावर पोरं हलवतात तशी, आणि जिना उतरला. ऑटो सुरू. गेला.

गोडीनं सांगितलं होतं, घरी जा. पण मी त्यांना नव्हतं —

हात सोडू नये. सोडला तर ती अर्धीच —

आय.

खिडकीबाहेरच्या निंबावरचे कावळे — सगळे एकदम उडाले नाहीत. नाहीसे झाले. खालचं कुत्रं भुंकलं, अर्धंच. पंखा फिरतोय पण त्याचा आवाज नाही.

स्पीकरही थांबला. वरून नाही. काहीच नाही.

अमरावतीत दुपारी इतकं शांत कधी नसतं.

मी राहिलो. मला का नाही काढलं? कळा मी धरल्यात म्हणून असेल.

यस.

लाल दिवा लुकलुकू लागला. थांबायचं. थांबतो. थांबतो.

माणिकबाईंचं बोट हललं.

गालावर रंग येतोय. खरंच येतोय. ओठ हलताहेत. दिवा जोरात. चाळीस — साठ — किती वर्षं उतरताहेत त्यांच्यात. डोळ्यांतून पाणी. माझ्याकडे पाहिलं. ओळखलं मला! माणिकबाई, म्हटलं, सावकाश. सगळं येऊ द्या. या वेळी मी थांबलोय.

त्या पुढची ओळ म्हणाल्या. आवाज नाही, श्वासच नुसता. मी ओठांवरून वाचली, दोनदा म्हणवून घेतली, म्हणून लिहितो. कुणाला तरी मिळावी.

हाक कुणाची बांधावरून —
वळू नको गे, कुणी न आपले.

दिवा अजून लुकलुकतोय. संथ झालाय. थोडंच राहिलं. तो थांबला की यू.

जिन्यावर पावलं.

सागर परतला. देवा, सागर परतला. नाही — चपला बायकी आहेत. प्रतीक्षा उद्या येणार होती. एक पायरी, दम. एक पायरी, दम. म्हातारं माणूस आहे.

दार वाजलं.

काहून गुरुजी — बाहेरून म्हणताहेत — दार काहून लावलं? उघडा न. फुलं आणली. सागऱ्यानं सकाळी पाणी सोडलं, शेवंती उभी राहिली पाहा. काल त्याले बोलली मी, परवाही बोलली, आयकतच नाही —

काल. परवा. तिला आठवतंय. सगळे दिवस, जे इथे उतरले ते. आवाज तोच. तोच.

मग ही खुर्चीत —

दिवा थांबला. यू दाबायचं. दाबलं की जे आत ते आत, जे बाहेर ते — कोण कुठे लिहिलं गेलंय मला माहीत नाही. पूर्ण कोण? बाहेरचीला दिवस आहेत. हिला ओळ आहे. कुणाला —

गुरुजी, उघडा. ऊन लागून राहिलं.

दाराला कडी नाही घातलेली. नुसतं लोटलंय. सागर गेला तेव्हा —

माणिकबाईंनी माझं मनगट धरलं. पेन धरलेलं. मान हलवताहेत. नाही. नाही. किती गार हात. बाहेरची आता गातेय. पहिली ओळ. दुसरी. तिसरी. तिथे थांबली. पुढची विचारतेय मला, दाराच्या फटीतून, हळूच, सांगा न गुरुजी पुढं काय —

डावा हात सुन्न. यू कुठे — उजव्या हातानं — हिनं तो सोडला तर —

दार सरकतंय. फटीत झेंडूसारखा पिवळा पदर आणि त्याच्यावर चेहरा माणिकबाईंचा नाही, हा तर